माफी मिळाली म्हणजे जमीन मिळाली नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत राजाविरुद्धच्या बंडात सामील झालेल्या, स्कॉटलंडच्या लोवाट घराण्यातल्या सायमन फ्रेझरवरचा लेख वाचला. हा विषय मराठीत क्वचितच येतो, म्हणून आनंद झाला. पण ‘राजाने १७५० मध्ये त्याला माफी देऊन लोवाट घराण्याच्या जप्त जमिनी परत केल्या’ हे लेखातले वाक्य चुकीचे आहे. माफी १७५० ची, जमीन १७७४ ची. मधली २४ वर्षे गाळली की या प्रकरणात समजून घेण्यासारखे काही उरतच नाही. माफी देणे राजाच्या हातात होते. जमीन परत करणे मात्र त्याच्या एकट्याच्या हातात नव्हते.

जमीन गेली कशी, ते आधी पाहावे लागते. १६ एप्रिल १७४६ रोजी स्कॉटलंडमधल्या कलोडनच्या माळावर जेकोबाइट, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूच्या, बंडखोर सैन्याचा पाडाव झाला. त्यानंतर पार्लमेंटने ४३ जणांची नावे थेट कायद्यातच घातली. १२ जुलैपर्यंत हजर व्हा, नाहीतर १८ एप्रिलपासूनच तुम्ही राजद्रोही धरले जाल, असा त्याचा मजकूर. मुदत चुकली की वेगळा खटला चालवायची गरज नाही. या शिक्षेला ‘अटेंडर’ म्हणत. तिच्यात जीव, जमीन आणि किताब तिन्ही एकदम जात. शिवाय रक्तच दूषित झाले असे मानत असल्याने मुलानातवंडांचा वारसाहक्कही तुटे. धाकट्या सायमनचे नाव या यादीत होते. त्याच्या वडिलांवर, म्हणजे म्हाताऱ्या लॉर्ड लोवाटवर, उमरावांच्या सभागृहात खटला चालला आणि ९ एप्रिल १७४७ रोजी लंडनच्या टॉवर हिलवर त्यांचा शिरच्छेद झाला. ब्रिटनमध्ये अशी शिक्षा झालेले ते शेवटचे गृहस्थ.

या यादीत नावाचा एकेक शब्द किती मोलाचा होता, ते यादीतल्या आणखी एका उमरावाच्या, पिटस्लिगोच्या, दाव्यात दिसते. कायद्यात ‘अलेक्झांडर, लॉर्ड पिटस्लिगो’ असे लिहिले होते. खरा किताब ‘लॉर्ड फोर्ब्स ऑफ पिटस्लिगो’. यादीतला माणूस मी नव्हेच, असे त्यांच्या बाजूने मांडले गेले आणि १७४९ मध्ये एडिंबरोच्या कोर्ट ऑफ सेशनने, म्हणजे स्कॉटलंडच्या वरिष्ठ दिवाणी न्यायालयाने, ते मान्यही केले. पुढच्याच वर्षी उमरावांच्या सभागृहाने तो निकाल फिरवला आणि इस्टेट गेली ती गेलीच. एका शब्दावर सगळी इस्टेट टांगलेली होती.

आता जमिनीचे काय झाले ते पाहू. १७४७ च्या कायद्याने जप्त इस्टेटी स्कॉटलंडच्या एक्स्चेकर (महसूल) न्यायालयाच्या ताब्यात गेल्या. मोजणी झाली, खंडाच्या याद्या झाल्या आणि धनकोंना आपापले दावे दाखल करायला सांगितले. जप्त इस्टेट सरकारजमा होई ती कर्जासकट, हा मुद्दा आपल्याकडच्या लेखनात हमखास सुटतो. बहुतेक इस्टेटी लिलावात विकून त्यातून धनकोंची देणी भागवली. १३ इस्टेटी मात्र विकल्या नाहीत. १७५२ च्या कायद्याने त्या राजमुकुटाला कायमच्या जोडल्या, कधीही वेगळ्या करता येणार नाहीत अशा शब्दांत, आणि त्यांचे उत्पन्न हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखाच्या, सुधारणेवर खर्च करायचे ठरले. लोवाट आणि क्रोमार्टी या इस्टेटी त्या १३ मध्ये होत्या. म्हणून राजाच्या मनात आले असते तरी नुसत्या सही-शिक्क्याने त्या सोडता आल्या नसत्या. पार्लमेंटने बांधलेली गाठ पार्लमेंटनेच सोडायची होती.

माफीने नेमके काय मिळे आणि काय नाही, याचा सगळ्यात स्वच्छ दाखला बंडात सामील झालेल्या क्रोमार्टीच्या अर्लच्या (उमरावाच्या) मुलाचा आहे. जॉन मॅकेंझी, लॉर्ड मॅक्लाउड. वडील आणि मुलगा दोघेही पकडले गेले. वडिलांना फाशीची शिक्षा झाली, ती तहकूब झाली आणि १७४९ मध्ये सशर्त माफी मिळाली. मुलाची माफी त्याआधीची, जानेवारी १७४८ ची. तिच्यातली अट वाचण्यासारखी आहे: एकविसावे वर्ष पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत त्याने इस्टेटीवरचे आपले सगळे हक्क राजाच्या नावे लिहून द्यावेत. म्हणजे ज्या कागदाने जीव वाचला, त्याच कागदाने जमिनीवर पाणी सोडायला लावले. माफीनामा म्हणजे जमिनीची सनद असे मानणाऱ्याने ही एक अट वाचली तरी पुरे.

सायमन फ्रेझर एडिंबरोच्या किल्ल्यात कैदेत होता. १७४७ मध्ये सुटून ग्लासगोला राहिला. १७५० मध्ये पूर्ण माफी मिळाली आणि त्याच वर्षी तो वकील झाला. दोन वर्षांनी हायलँडमधल्या ॲपिनच्या खुनाचा खटला उभा राहिला. मारला गेलेला कॉलिन कॅम्पबेल हा जप्त इस्टेटींवर सरकारने नेमलेला कारभारी होता. त्या खटल्यात सायमन आरोपीच्या विरुद्ध, फिर्यादीच्या बाजूने उभा राहिला. स्वतःच्या बापाची इस्टेट तशाच कारभाऱ्यांच्या हातात असताना! आरोपी जेम्स स्टुअर्टला फाशी झाली. हे काम सायमनने कोणत्या भावनेने केले असेल ते असो, पण परतीच्या वाटेवर अशा कितीतरी पायऱ्या चढाव्या लागल्या, हे आपल्या लेखात यायला हवे होते.

मोठी पायरी १७५७ ची. हाताशी ना जमीन, ना पैसा. तरी नुसत्या घराण्याच्या नावावर त्याने पलटण उभी केली, ती पुढे ७८ वी म्हणून ओळखली गेली. आजच्या कॅनडातल्या लुईसबर्ग आणि क्वेबेकला ती लढली. १७७४ मध्ये पार्लमेंटने त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि लोवाटची जमीन दिली, पण फुकट नव्हे. २०,९८३ पौंड भरावे लागले. लेखात याला ‘दंड’ म्हटले आहे. तो दंड नव्हता. इस्टेटीवरची कर्जे सरकारने मधल्या काळात धनकोंना चुकती केली होती, ती रक्कम वारसाने सरकारला भरायची असा हिशेब होता. नंतर १७८४ मध्ये स्कॉटलंडचा वजनदार राजकारणी हेन्री डंडास याच्या पुढाकाराने उरलेल्या इस्टेटी सोडल्या, तेव्हाही हेच तत्त्व लावले. पर्थच्या इस्टेटीवर सुमारे ५२,५०० पौंड, क्रोमार्टीवर सुमारे १९,०००. आकडे इस्टेटीगणिक इतके वेगळे का, याचे उत्तर गुन्ह्याच्या गांभीर्यात शोधू नये, कर्जाच्या वहीत शोधावे. जमा रकमेतून १५,००० पौंड एडिंबरोच्या रजिस्टर हाउसच्या (सरकारी दप्तरखान्याच्या) बांधकामाला आणि ५०,००० पौंड फोर्थ-क्लाइड कालव्याला दिले गेले.

आणि किताब? तो जमिनीबरोबर आलाच नाही. सायमन १७८२ मध्ये वारला तो जनरल फ्रेझर म्हणून, लॉर्ड लोवाट म्हणून नव्हे. जुन्या किताबावरचा अटेंडरचा डाग पुसायला १८५७ साल उजाडले, आणि तोही घराण्याच्या दुसऱ्या शाखेसाठी. लेखात १७७४ नंतर त्याला ‘लॉर्ड’ म्हटले आहे, तेवढे दुरुस्त करावे.

लेखाच्या शेवटी या साऱ्याचा ‘आपल्याशी संबंध नाही’ असे म्हटले आहे. संबंध आहे, आणि तो विजयदुर्गाच्या तटाखाली आहे. सीफोर्थचा अर्ल विल्यम मॅकेंझी १७१५ च्या बंडात होता. त्याला १७२६ मध्ये माफी मिळाली, इस्टेट मात्र त्याच्या मुलाला १७४१ मध्ये विकत घ्यावी लागली. तीच इस्टेट पुढे थॉमस मॅकेंझी हंबरस्टनकडे आली. इंग्रजांच्या ‘रेंजर’ जहाजावरून जाताना ८ एप्रिल १७८३ रोजी आनंदराव धुळपांच्या आरमाराशी त्याची गाठ पडली. सालबाईच्या तहाला तेव्हा जवळजवळ वर्ष होत आले होते. त्या झुंजीत हंबरस्टन जबर जखमी झाला आणि ३० एप्रिलला विजयदुर्गात, इंग्रज ज्याला घेरिया म्हणत तिथे, वारला. इस्टेट त्याच्या धाकट्या भावाकडे, फ्रान्सिसकडे गेली. त्याने १७९३ मध्ये उभारलेली ७८ वी हायलँडर्स (फ्रेझरच्या पलटणीचा क्रमांक तोच, पण पलटण निराळी) २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभी होती.

आपला,
एक वाचक, देवगड