शेवटच्या एक्सलचा आतला टायर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टायर फुटून ट्रेलर उलटला, अशी दोन-चार ओळींची बातमी आपल्या अंकात अधूनमधून असते. ती वाचताना माझ्या पोटात गोळा येतो, कारण आमच्या घरचे तीन ट्रेलर कळंबोलीहून जालना, नागपूरकडे लोखंड घेऊन जातात. गाड्यांचं सगळं मिस्टर बघायचे. चार वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून टायरची वही माझ्याकडे आली. कोणत्या चाकाला कोणता टायर, कधी चढवला, किती रनिंग झालं, रिमोल्ड (झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवणं) कधी केला, सगळं त्या वहीत असतं. त्या वहीच्या जोरावरच हे पत्र लिहिते आहे.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये रात्री अडीचला ड्रायव्हरचा फोन आला. "वहिनी, शेवटच्या एक्सलचा आतला गेला. जोडीचा पण गेला." मेहकरच्या पुढे मागच्या मोटारीने सारखे डिपर मारले, तेव्हा कुठे त्यांना कळलं. चाळीस फूट मागे टायरची हवा जाऊन तो बसला तर केबिनमध्ये काही जाणवत नाही. स्टिअरिंग ओढत नाही, आवाज इंजिनात मिसळून जातो. सकाळी त्यांनी फोटो पाठवला. रिंगवर नुसता तारांचा गुंता उरला होता आणि मडगार्ड चिरलेलं. जोडचाकात, म्हणजे शेजारी-शेजारी दोन टायर असतात तिथे, एकाची हवा उतरली की त्याचं वजन शेजारच्यावर येतं आणि दोन्ही तापत जातात. बाहेरचा टायर तर ठणठणीत दिसतो, त्यामुळे खाली उतरून नजर टाकली तरी आतला बसलाय हे समजत नाही.

जुन्या रस्त्याने जाताना आमचे ड्रायव्हर कसारा घाट चढला की चहाला थांबत, पुढे सिन्नरला थांबत. प्रत्येक थांब्यावर टॉमी, म्हणजे टायरचा लोखंडी दांडा, घेऊन अठराच्या अठरा टायरवर ठोकत एक फेरी व्हायची. भरलेला टायर टणक वाजतो आणि टॉमी हातात उसळते. बसलेला नुसता भद्द वाजतो. समृद्धी महामार्ग २०२२च्या डिसेंबरमध्ये नागपूर ते शिर्डी खुला झाला आणि २०२५च्या जूनमध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा झाल्यावर ७०१ किलोमीटर सलग रस्ता मिळाला. आमचा वेळ वाचला, डिझेल वाचलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण चहाचे थांबे गेले आणि त्यांच्याबरोबर ती टॉमीची फेरीही गेली. उन्हाने तापलेल्या काँक्रीटवर भरलेली गाडी तीन-तीन तास न थांबता धावते. म्हणून एप्रिलच्या त्या रात्रीनंतर मी टायरच्या हवेचा दाब केबिनमध्ये दाखवणारं यंत्र, म्हणजे टीपीएमएस, घ्यायचं ठरवलं.

पहिला संच ऑनलाइन मागवला आणि पैसे पाण्यात गेले. तो मोटारीसाठीचा निघाला. त्याचे सेन्सर जास्तीत जास्त ६ बार, म्हणजे ८७ पीएसआयपर्यंतच मोजणारे, आणि आम्ही थंड टायरला १२० ठेवतो. शिवाय तो १२ व्होल्टचा, ट्रकची बॅटरी २४ची. दुसरा संच ट्रकचाच घेतला, व्हॉल्ववर टोपीसारखे फिरवून बसवायचे अठरा सेन्सर. आमच्या ट्रेलरला ट्यूबचे टायर आहेत, त्यामुळे रिंगच्या आत बसणारे सेन्सर आम्हाला चालणारच नव्हते. यार्डात सगळे आकडे नीट दिसले. गाडी रस्त्याला लागली आणि मागच्या दोन एक्सलच्या जागी नुसत्या रेघा आल्या, म्हणजे तिथला सिग्नल केबिनपर्यंत पोचतच नव्हता. ड्रायव्हरला वाटलं, अलार्म नाही म्हणजे सगळं ठीक असणार.

संपादक महाशय, मला सगळ्या ट्रेलरवाल्यांना हेच कळकळीने सांगायचं आहे. यंत्र घेताना स्क्रीन केवढा, रंगीत आहे का, हे नंतर बघा. शेवटच्या एक्सलच्या आतल्या टायरचा आकडा चालत्या गाडीत केबिनपर्यंत पोचतो का, आणि तो पोचायचा थांबला तर यंत्र ओरडतं का, एवढं आधी विचारा. जे यंत्र सिग्नल तुटल्यावर गप्प बसतं ते नसलेलंच बरं, कारण त्याच्या भरवशावर माणूस टॉमीसुद्धा उचलत नाही.

इतक्या लांबच्या गाडीला मधे रिपीटर, म्हणजे सेन्सरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा, लागतोच. तो आम्ही ट्रेलरच्या चॅसीवर मधोमध लावला. मिस्त्रीने त्याची वायर टेललाइटला जोडली होती, त्यामुळे दिवसा लाइट बंद तर रिपीटरही बंद! हे कळायला आठ दिवस गेले. आता त्याला कायम करंट मिळेल अशी वेगळी वायर ओढली आहे. आतल्या चाकाच्या व्हॉल्वला एक्स्टेन्शन, म्हणजे बाहेरून हवा भरता यावी म्हणून जोडलेली लांब नळी, असतं, त्याच्या टोकाला सेन्सरचं वजन लोंबकळलं की ते हलून हलून हवा सोडतं. म्हणून एक्स्टेन्शन क्लॅम्पने रिंगला पक्कं करावं लागतं आणि बसवून झाल्यावर प्रत्येक व्हॉल्वला साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का बघावं लागतं. सेन्सर चोरीला जाऊ नयेत म्हणून लॉकनट लावतात, पण त्याचा पाना गाडीतच हवा, नाहीतर रात्री पंक्चरवाला सेन्सरच तोडतो. आमचा हॉर्स, म्हणजे पुढची ओढणारी गाडी, एक ट्रेलर यार्डात सोडून दुसरा जोडतो, तेव्हा एकाच स्क्रीनमध्ये दोन-तीन ट्रेलरचे सेन्सर नोंदवता येतात का हेही मी विचारून घेतलं.

अलार्मचे आकडे दुकानदाराने लावून दिले तसेच ठेवू नका. आम्ही पहाटे थंड टायरला १२० भरून खालचा अलार्म १०५ला आणि वरचा १५०ला ठेवला. दुपारी आकडा १४०च्या आसपास दिसला म्हणून कुणी हवा काढू नये. तापलेला टायर तेवढा चढतोच, आणि काढलेली हवा रात्री कमी पडते.

माझा भाचा अमेरिकेत सुट्टीत मोटारीमागे राहण्याचा ट्रेलर ओढून नेतो. तिथे सप्टेंबर २००७पासून नव्या मोटारींना हे यंत्र सक्तीचं आहे, पण मागच्या ट्रेलरला नाही, म्हणून त्यानेही असेच टोपीचे सेन्सर आणि रिपीटर स्वतः बसवलेत. युरोपने मात्र जुलै २०२४पासून नव्या ट्रकबरोबर जड ट्रेलरलाही सक्ती केली. आपल्याकडे २०२०मध्ये केंद्राने नियम बदलला तो एवढाच, की साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत हे यंत्र आणि पंक्चरचं किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालेल. अठरा चाकांवर लोखंड वाहणाऱ्यांसाठी काय? नवा ट्रेलर बांधून बाहेर पडतानाच त्यात सेन्सर आणि रिपीटरची कायम करंटची वायर असावी, आणि सिग्नल तुटला तर अलार्म वाजलाच पाहिजे असं नियमात लिहावं, ही परिवहन खात्याला माझी हात जोडून विनंती आहे. अठरा चाकांचा संच आम्हाला साधारण दोन नव्या टायरच्या किमतीत पडला. एप्रिलच्या त्या रात्री आमचे दोनच टायर गेले होते.

दोन ट्रेलरना यंत्र बसलं आहे. जूनमध्ये त्यातल्या एकाचा आतला टायर वैजापूरच्या अलीकडे १०४वर आला, अलार्म वाजला, ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. व्हॉल्वच्या पिनमध्ये कचरा अडकला होता. पिन बदलून, हवा भरून गाडी वेळेत जालन्याला पोचली. तिसऱ्या ट्रेलरचे पैसे अजून जमायचे आहेत. तोवर त्या गाडीच्या ड्रायव्हरला मी दर दोन तासांनी फोन करते आणि टॉमीची फेरी मारायला लावते.

आपली नम्र,
एक ट्रेलर मालकीण, कळंबोली