विमा काढलात, पण युद्ध त्यात धरले आहे का?

संपादक महोदय,

नागपूरहून शारजा किंवा दोहामार्गे इराककडे निघणाऱ्यांपैकी बरेच जण तिकिटासोबत मिळालेल्या प्रवास विम्यावर विसंबतात. पॉलिसीतले 'अपवाद' हे पान मात्र कुणी उघडत नाही. युद्ध, आक्रमण, यादवी यांमुळे झालेली इजा, मग युद्ध जाहीर झालेले असो वा नसो, बहुतेक साध्या पॉलिसींत वगळलेली असते. परराष्ट्र मंत्रालयाने 'प्रवास टाळा' असे कळवल्यावरही निघालात, तर दावा आणखी अडतो. म्हणून हप्ता भरण्याआधी कंपनीला ईमेलवर विचारा: हा देश संरक्षणात येतो का, युद्धजन्य इजा धरली आहे का, जखमीला वा पार्थिवाला परत आणण्याचा खर्च किती रकमेपर्यंत मिळेल? एजंटाच्या तोंडी आश्वासनावर दावा मंजूर होत नाही.

मजुरांचे दुखणे याहून गंभीर. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर बहुधा ईसीआर (म्हणजे परदेशी नोकरीआधी सरकारी मंजुरी आवश्यक) अशी नोंद असते. त्यांना नोकरीसाठी इराक, लिबिया, सुदानसह 18 देशांत जाताना केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून मंजुरी लागते. ती चुकवायला दलाल पर्यटक व्हिसा हाती ठेवतात. तिथे काम करणे मग बेकायदा ठरते, आणि अशा मजुरांसाठीच्या सरकारी प्रवासी भारतीय विमा योजनेचे 10 लाखांचे अपघात संरक्षणही हुकते. त्याचा दोन वर्षांचा हप्ता अवघा 275 रुपये! येमेनला तर 2017 पासून केंद्राच्या परवानगीशिवाय जाताच येत नाही.

ही माहिती मराठीत, ठळक अक्षरांत, विमानतळावर आणि सेतू केंद्रांत लावावी, ही जिल्हा प्रशासनाला कळकळीची विनंती.

– एक वाचक, नागपूर