ताई, त्या शेवटच्या फ्लॅगसाठी थँक्यू

ताई,

हे मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्हाला फोनवर थँक्यू म्हटलं की "अरे त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषयच संपवता. आणि झायलॉगच्या ८५३० या सिरियल कम्युनिकेशन चिपवर एचडीएलसी (डेटा फ्रेममध्ये बांधून पाठवायची पद्धत) चालवायला बसलेलं माझ्यासारखं आणखी कुणीतरी असणारच, तुम्ही जे सांगितलंत ते त्याच्याही कामी येईल.

तर झालं असं होतं की चिप व्यवस्थित जिवंत, असिंक (एकेक अक्षर सुटं पाठवायच्या) मोडमध्ये अक्षरं मस्त ये-जा करतायत, पण एसडीएलसी मोडला (एचडीएलसी याच मोडमध्ये चालतं) टाकलं की समोरचं टोक एक फ्रेम घेईल तर शपथ. सीआरसी (फ्रेम बरोबर पोचली का ते तपासायचा आकडा) एररचा काउंटरसुद्धा हलेना. ज्यांना ज्यांना विचारलं ते सगळे म्हणाले कोड पाठव, तुम्ही एकट्या म्हणालात कोड राहू दे, स्कोपचा (लाइनवरचा सिग्नल दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपचा) फोटो पाठव. आणि एक वाक्य बोललात ते मला अजून आठवतंय, "सीआरसी एरर पण येत नाही म्हणजे फ्रेम पूर्णच होत नाहीये."

मग त्या फोटोवर तुम्ही मला बिट वाचायला लावलेत. एनआरझेडआय या बिट पाठवायच्या पद्धतीत ० आला की लाइन उलटते, १ आला की आहे तशीच राहते, म्हणून ७ई (०११११११०) हा फ्रेमची सुरुवात-शेवट दाखवणारा फ्लॅग ओळीने जात असला की सात बिट सपाट आणि मग एका बिटाचा बारीक दात, परत सात बिट सपाट, परत दात. मधल्या डेटात पाच १ झाले की चिप स्वतःच ० घुसवते, त्यामुळे तिथे इतका लांब सपाट भाग येऊच शकत नाही. हे एकदा डोळ्यात बसल्यावर तुम्ही म्हणालात आता फ्रेमचं शेपूट बघ. डेटा संपल्या संपल्या लाइन सातपेक्षा जास्त बिट सपाट पडलेली! ॲबॉर्ट, म्हणजे फ्रेम रद्दची खूण. चिप प्रत्येक फ्रेम इमानदारीत पाठवत होती आणि शेवटी स्वतःच रद्द करत होती.

कारण पण तुम्हीच सांगितलंत. या चिपला "फ्रेम संपव" अशी कमांडच नाही, बाइट संपले, अंडररन (पाठवायला पुढचा बाइट तयार नसणं) झाला की तोच शेवट समजायचा. डब्ल्यूआर १० (लिहायचं रजिस्टर १०) मधला एक बिट ठरवतो की अंडररनला सीआरसी आणि फ्लॅग लावायचा की ॲबॉर्ट मारायचा. फ्रेम चालू असताना तो १ हवा, म्हणजे सीपीयू मागे पडला तर अर्धवट फ्रेम खरी म्हणून जाणार नाही, आणि शेवटचा बाइट लिहिल्या लिहिल्या तो ० करायचा. आमच्याकडे आलेल्या ड्रायव्हरमध्ये ही ० करणारी ओळच नव्हती. त्या रजिस्टरमध्ये ए४ च्या जागी ए० (तोच बिट ० केलेला) लिहिणारी एक ओळ, बस. टाकली आणि समोरून उत्तर आलं.

बाकीचं पण तुम्ही न विचारता सांगत गेलात. चिपचं सेटअप करताना डब्ल्यूआर ४ सगळ्यात आधी, रिसीव्हर ट्रान्समीटर चालू करणं शेवटी, इंटरप्ट त्याच्याही नंतर. पाठवताना आधी सीआरसी जनरेटर रीसेट, मग पहिला बाइट, आणि तो आत गेल्यावरच अंडररनची नोंद ठेवणारा लॅच रीसेट. रजिस्टर लिहायचं म्हणजे आधी नंबर मग व्हॅल्यू अशा दोन पायऱ्या, आणि मध्येच इंटरप्ट येऊन त्याने चिपला हात लावला की तुमची व्हॅल्यू भलत्याच रजिस्टरमध्ये, म्हणून तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद. (हे डेटाशीटमध्ये आहे हो, पण अशा जागी की गरज संपल्यावरच सापडतं.)

क्लॉकचं गणित तर तुम्ही तोंडी केलंत, डीपीएलएलला (येणाऱ्या सिग्नलमधून क्लॉक काढणाऱ्या भागाला) एनआरझेडआयसाठी ३२ पट क्लॉक लागतो, ४.९१५२ मेगाहर्ट्झवर ९६०० बॉड हवं तर बॉड रेट जनरेटरचा टाइम कॉन्स्टंट (क्लॉक किती भागायचा ते ठरवणारा आकडा) ६. मी कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत तुम्ही पुढच्या मुद्द्यावर होतात, की चॅनलला बॉड रेट जनरेटर एकच असतो आणि पाठवायला मात्र १ पटच क्लॉक लागतो, तेव्हा त्याची सोय वेगळी कर.

ताई, तयार कोड तुमच्याकडे नक्की असणार, फेकला असतात तर पाच मिनिटांत मोकळ्या झाला असता, त्याऐवजी माझ्यासोबत बिट मोजत बसलात. खरंच खूप खूप आभार.

आता रिसीव्ह बाजू डीएमएवर (सीपीयूला मध्ये न घेता डेटा थेट मेमरीत) न्यायचीय. आरआर १ (वाचायचं स्टेटस रजिस्टर) डेटा बाइटच्या आधी वाचायचा आणि शेवटचे दोन बाइट सीआरसीचे म्हणून सोडून द्यायचे एवढं लक्षात आहे, पण स्पेशल कंडिशनला (फ्रेमचा शेवट किंवा एरर) फिफो (आलेले बाइट साठवणारी रांग) लॉक होतो त्याचं काय करायचं ते विचारायला फोन करणार आहे. स्कोपचा फोटो आधीच काढून ठेवतो.