‘आमची हरकत नाही, पण लोक मत देणार नाहीत’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेला अजून एकही महिला राष्ट्राध्यक्ष मिळालेली नाही, हा विषय निघाला की ‘आमच्याकडे इंदिरा गांधी 1966 मध्येच पंतप्रधान झाल्या’ हे वाक्य हमखास ऐकू येते. ते खरेच आहे. मात्र त्या वेळी त्यांना मोरारजी देसाईंविरुद्ध 355 विरुद्ध 169 मतांनी निवडले ते काँग्रेसच्या खासदारांनी, मतदारांनी नव्हे, आणि ‘गुंगी गुडिया’ अशी संभावनाही त्यांच्या वाट्याला आलीच. म्हणून अमेरिकी मतदाराला नावे ठेवण्याआधी त्याचा पूर्वग्रह नेमका कसा काम करतो हे पाहावे, असे मला वाटते.

असा पूर्वग्रह आपल्या मनात आहे, हे सहसा कोणी कबूल करत नाही. पात्र असलेल्या महिलेला अध्यक्षपदासाठी मत द्याल का, असे गॅलप संस्थेने 1937 मध्ये विचारले तेव्हा 33 टक्के लोक ‘हो’ म्हणाले होते; अलीकडच्या पाहण्यांत हेच प्रमाण 90 टक्क्यांच्या पुढे गेलेले दिसते. पण पाहणी करणाऱ्याला चारचौघांत शोभेल असेच उत्तर देण्याची माणसाची खोड लक्षात घेऊन काही अमेरिकी अभ्यासकांनी एक युक्ती योजली, आणि तिचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या लोकांना त्यांनी पेट्रोलचे वाढते दर, व्यावसायिक खेळाडूंचे कोट्यवधींचे मानधन, सीटबेल्टची सक्ती आणि बड्या कंपन्यांनी केलेले प्रदूषण, अशा चार गोष्टींची यादी दिली आणि यांतल्या किती गोष्टींचा राग येतो, एवढेच विचारले. कोणत्या, हे सांगायचे नव्हते. उरलेल्या निम्म्यांच्या यादीत ‘महिला राष्ट्राध्यक्ष’ ही पाचवी बाब घातली होती. दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक काढला, तेव्हा सुमारे 26 टक्के लोकांना महिला राष्ट्राध्यक्ष ही कल्पनाच खटकते, असे निघाले. नाव उघड होणार नाही याची खात्री पटताच चारांतल्या एकाने मनातले सांगितले!

त्याच वर्षी न्यू हॅम्पशायरमधील हिलरी क्लिंटन यांच्या सभेत ‘माझ्या शर्टाला इस्त्री कर’ असे ओरडणारे उठले. अशा हुल्लडबाजांना निदान ओळखता तरी येते. त्यांच्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती ‘आमची हरकत नाही, पण लोक मत देणार नाहीत’ असे सभ्यपणे म्हणणाऱ्यांची. 2019 मधील एका पाहणीत डेमोक्रॅटिक आणि अपक्ष विचारांच्या मतदारांपैकी 74 टक्क्यांनी महिला राष्ट्राध्यक्ष आपल्याला चालेल असे सांगितले. शेजाऱ्यांना चालेल असे वाटणारे मात्र 33 टक्केच होते. या हिशेबाने प्रत्येक जण शेजाऱ्याच्या नावावर बिल फाडतो आणि स्वतः सावधपणे पुरुष उमेदवाराकडे वळतो. जानेवारी 2020 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी इच्छुक असलेल्यांच्या वादसभेत, त्यांपैकीच एक असलेल्या एलिझाबेथ वॉरन यांनी मंचावरच्या पुरुषांनी मिळून 10 निवडणुका हरल्याचे आणि तिथल्या दोन्ही महिलांनी लढवलेली प्रत्येक निवडणूक जिंकल्याचे दाखवून दिले होते. तरीही ‘निवडून येईल का’ ही शंका त्या दोघींविषयीच जास्त घेतली गेली.

प्रत्येक पराभव याच खात्यावर मांडावा, असे मी म्हणत नाही. क्लिंटन यांना 2016 मध्ये देशभरात ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे 29 लाख मते अधिक मिळाली होती, त्या हरल्या इलेक्टोरल कॉलेजच्या, म्हणजे राज्यवार निवडलेल्या प्रतिनिधींच्या मतांवर अध्यक्ष ठरवण्याच्या पद्धतीच्या, गणितात. आणि 2024 मध्ये महागाईचा रोष, शिवाय बायडेन यांनी जुलैच्या उत्तरार्धात माघार घेतल्याने मिळालेला अपुरा वेळ, हे कमला हॅरिस यांना भोवले. परंतु 2024 मध्येच शेजारच्या मेक्सिकोत दोन्ही प्रमुख आघाड्यांनी महिलांना उमेदवारी दिली, आणि क्लाउडिया शेनबॉम सुमारे 60 टक्के मते घेऊन निवडून आल्या. पुरुषी वर्चस्वासाठी मेक्सिकोचा समाज काही कमी प्रसिद्ध नाही. तिथल्या मतदाराचे मन रातोरात बदलले असेल असे नाही. पण पक्षांनी शेजाऱ्याच्या मताची सबब पुढे केली नाही, हे निश्चित.

आपल्याकडे हीच सबब ‘इलेक्टिव्ह मेरिट’ (निवडून येण्याची क्षमता) या नावाने तिकीटवाटपाच्या बैठकीत येते. स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना निम्म्या जागा राखीव आहेत, पण पुढच्या खेपेला आरक्षण उठून प्रभाग खुला झाला, की पाच वर्षे काम केलेल्या नगरसेविकेच्या जागी तिच्या पतीचे नाव पुढे येते, आणि ‘खुल्या जागेवर बाई चालत नाही’ हे कारण कोणालाही वावगे वाटत नाही. 1960 पासून महाराष्ट्रात एकही महिला मुख्यमंत्री झालेली नाही. शेजारच्या गोव्यात 1973 मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांच्या निधनानंतर शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, तेव्हा वडिलांची पुण्याई म्हणून ते सोडून देता आले असते. पण 1977 ची निवडणूक त्यांच्या नेतृत्वाखाली लढवली गेली आणि त्यानंतरही मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडेच राहिले.

यासंदर्भात आपल्या वृत्तपत्राला एक विनंती करावीशी वाटते. येत्या निवडणुकीत एखाद्या नेत्याने ‘महिला उमेदवार इथे चालणार नाही’ असे सांगितले, तर ते वाक्य जसेच्या तसे छापून न थांबता, त्या मतदारसंघात याआधी किती महिलांना उमेदवारी दिली होती, त्यांना किती मते पडली आणि त्याच पक्षाचे किती पुरुष तिथे पडले, हे आपल्या वार्ताहरांनी त्याला विचारावे आणि मिळालेले उत्तर शेजारच्या चौकटीत द्यावे.

आपला,
एक वाचक, सातारा