लायब्ररीतल्या काकांना, त्या एका चिठ्ठीसाठी थँक्यू

काका, मी तुम्हाला आठवते की नाही माहीत नाही, पण 3 वर्षांपूर्वी दोस्तोयेव्स्कीची रशियन कादंबरी 'क्राइम अँड पनिशमेंट' 60 पानांवर सोडून परत करायला आलेली आणि "यात माणसंच फार आहेत हो, कोण कोणाचं काही कळत नाही" म्हणून तोंड वाकडं करणारी मुलगी ती मीच.

तुम्ही एका कागदावर लिहून दिलंत, रोदिओन रोमानोविच रास्कोल्निकोव्ह म्हणजेच रोद्या, अव्दोत्या रोमानोव्हना म्हणजेच दुन्या, दोघांचा बाप रोमान, म्हणून बहीणभाऊ. वर म्हणालात, "अगं आपल्यासारखंच आहे की, आपलं नाव, वडलांचं नाव, आडनाव, घाबरतेस काय!" मी ज्यांना चार माणसं समजत होते ती दोनच निघाली. (नंतर जास्तीची हुशारी करून दुन्याशी लग्न ठरलेला लुझिन आणि तो तपास करणारा पोर्फिरी, दोघंही पेत्रोविच, म्हणून मी त्यांनाही भाऊ करून टाकलं होतं, ते जाऊ दे.)

पण खरं थँक्यू दुसऱ्याच गोष्टीसाठी. "हे राहू दे थोडे दिवस, आधी हे वाच" म्हणून तुम्ही रशियन लेखक चेखवची ती छोटीशी गोष्ट काढून दिलीत, 1886 ची, घोडागाडीवाल्या इओनाची. त्याचा मुलगा त्याच आठवड्यात गेलाय, बर्फ पडतोय आणि तो गाडीत बसेल त्याला सांगायला बघतो पण कुणालाच वेळ नाही, शेवटी तो घोडीला सांगतो. आणि त्याला नुसतं मुलगा गेला एवढंच सांगायचं नसतं, आजारी कसा पडला, शेवटी काय बोलला, हॉस्पिटलातून त्याचे कपडे आणायला गेलो ते, सगळं नीट पहिल्यापासून सांगायचं असतं.

तेव्हा आमची आजी, आईची आई, जाऊन दोन महिने झाले होते. भेटायला येईल त्याला आई पहाटेच्या खोकल्यापासून अ‍ॅम्ब्युलन्सपर्यंत सगळं परत सांगायची आणि मी वैतागून आतल्या खोलीत जायचे, खोटं कशाला बोलू. त्या रात्री स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मीच विचारलं, आई, त्या दिवशी सकाळी काय काय झालं गं? मला सगळं पाठ होतं. पाऊण तास बोलली, मध्ये फक्त कुकर बंद करायला उठली.

त्यानंतर रास्कोल्निकोव्ह 11 दिवसांत संपवला. त्याच्या घरापासून, तो जिचा खून करतो त्या म्हातारीच्या घरापर्यंत 730 पावलं, त्याने मोजलेली, म्हणून मीही रूम ते लायब्ररी मोजायला निघाले तर 400 च्या पुढे चहाच्या टपरीवर मैत्रीण भेटली आणि सगळा हिशोब बोंबलला.

पुस्तक केव्हाच जमा केलं, चिठ्ठी मात्र दिली नाही, सॉरी. आता दोस्तोयेव्स्कीचंच 'करामाझोव्ह' घेतलंय. मीत्या, इवान, अल्योशा, तिघंही फ्योदोरोविच, आणि या वेळी खरंच भाऊ. चिठ्ठी मीच बनवलीय, शनिवारी घेऊन येते, चुकलं असेल तर लाल पेनाने दुरुस्त करून द्या.