रोज राबणाऱ्या गाडीलाच उघडी चेन का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी पलूस तालुक्यात एका पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची बचत, गोळा करतो, सोळा वर्षं झाली. भिलवडी, अंकलखोप, बुर्ली, दुधोंडी आणि परत पलूस असा रोजचा साठ-पासष्ट किलोमीटरचा फेरा, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी त्याहून जास्त. म्हणजे वर्षाला वीस हजाराच्या आसपास गाडी पळते. तुमच्या पेपरात गाड्यांचं पान येतं ते मी न चुकता वाचतो, त्यात इंजिन असतं, मायलेज असतं, डिस्प्ले आणि ब्लूटूथ असतं, पण चेनबद्दल कधी एक ओळ नसते. आणि आमच्यासारख्यांचा वर्षभराचा खर्च आणि डोक्याचा ताप बघितला तर पेट्रोलच्या खालोखाल चेनच येते, म्हणून हे पत्र.

वडिलांकडं हिरो होंडा सीडी हंड्रेड होती. दोन्ही बाजूला दुधाच्या किटल्या लावून ते बारा महिने डेअरीला जायचे. त्या गाडीच्या चेनला वरनं खालनं पूर्ण पत्र्याचं कव्हर होतं, फक्त चेन किती ढिली झालीय ते बोट घालून बघायला एक भोक आणि त्याला रबरी बूच. आतली चेन साधीच होती, काही भारी नव्हती, पण तिला चिखल कधी लागतच नव्हता आणि घातलेलं ऑईल धुऊन जात नव्हतं. त्या गाडीचा चेन सेट, म्हणजे चेन आणि ती ज्यावर फिरते ती पुढची-मागची दोन दातेरी चाकं (स्प्रॉकेट), तीस हजार किलोमीटरच्या पुढं चालायचा. माझ्या आताच्या १२५ सीसी गाडीला चेनच्या वर नुसती एक प्लास्टिकची पट्टी आहे, खालचा अर्धा भाग उघडा, आणि माझा चेन सेट बारा-तेरा हजार किलोमीटरमध्ये जातो. रस्ते तेच, वजन वडिलांच्या गाडीवर जास्त असायचं, तरी हा फरक.

आमच्याकडचा चिखल ज्यानं बघितलाय त्याला जास्त सांगायला नको. पावसाळ्यात कृष्णाकाठची काळी माती, आणि पावसाळा संपला की नोव्हेंबरपासून उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या फडातला चिखल चाकाला घेऊन डांबरी रस्त्यावर येतात, मग तो वाळून धूळ होते. ही बारीक धूळ चेनच्या ऑईलमध्ये बसली की तिची ग्राइंडिंग पेस्ट होते, गॅरेजमध्ये व्हॉल्व घासायला वापरतात तसलीच. लोक म्हणतात चेन ताणली, पण लोखंड ताणत नाही. प्रत्येक कडीत एक पिन असते आणि ती बुशमध्ये, म्हणजे छोट्या नळीत, फिरते, ती पिन आणि बुश आतनं झिजतात. माझ्या गाडीच्या चेनची एक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे १२.७ मिलिमीटर. एका कडीत मिलिमीटरचा दहावा भाग जरी झिजला तरी अशा शंभरावर कड्या आहेत, म्हणजे सगळी चेन एक सेंटिमीटरहून जास्त लांब झाली. मग ती स्प्रॉकेटच्या दातावर नीट बसत नाही, दात एका बाजूला वाकडे टोकदार होतात, आवाज यायला लागतो आणि एक दिवस चेन उतरते. माझी दोन वर्षांपूर्वी बुर्लीच्या अलीकडं उतरली, संध्याकाळी सातला, पाऊस चालू, बॅगेत लोकांचे पैसे. चेन चाक आणि स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या, मधे अडकून मागचं चाक जाम झालं. वेग कमी होता म्हणून वाचलो.

आता यावर उपाय नाही असं नाही, खूप जुना उपाय आहे. आपण वापरतो ती बुश आणि रोलरवाली चेन हान्स रेनॉल्ड यांनी इंग्लंडात मँचेस्टरला १८८० साली पेटंट केली. तिचं दुखणं पहिल्यापासून तेच आहे, आत ग्रीस टिकत नाही आणि बाहेरची घाण आत जाते. म्हणून १९७० च्या दशकात सीलबंद चेन आल्या. फॅक्टरीतच पिन आणि बुशच्या मधे ग्रीस भरतात आणि दोन्ही बाजूच्या पट्ट्यांच्या मधे रबराची गोल रिंग बसवतात, ती ओ रिंग, म्हणजे ग्रीस आतच राहतं आणि पाणी-माती बाहेर. नंतर एक्स रिंग आली, तिला चार कडा असतात, ती घासते कमी आणि टिकते जास्त. आणि आता तर त्याच्याही पुढं गेलंय, जर्मनीच्या बीएमडब्ल्यूनं २०२० साली एम एन्ड्युरन्स नावाची चेन आणली, तिच्या रोलरवर हिऱ्यासारख्या कडक कार्बनचा थर आहे, तिला ऑईल घालावं लागत नाही आणि ताणावी पण लागत नाही असं कंपनी सांगते. ती पहिल्यांदा आली हजार सीसीच्या गाड्यांना.

इथं माझं म्हणणं आहे. ओ रिंग, एक्स रिंगच्या चेन आपल्याकडं केटीएमच्या ड्यूकला आहेत, रॉयल एनफिल्डच्या हिमालयनला आहेत. या गाड्या वाईट नाहीत, त्या चालवणाऱ्या पोरांबद्दल पण माझी तक्रार नाही, पण बघा, यातली कितीतरी पोरं सुट्टीत लोणावळा, महाबळेश्वर करतात, आठवडाभर गाडी कव्हर घालून पार्किंगला असते, त्यांच्याकडं स्टँड आहे, स्प्रे आहे, वेळ आहे. आणि दूधवाला, पेपरवाला, कुरिअरवाला, आशाताई, आमच्यासारखे पिग्मीवाले, ज्यांची गाडी वर्षाला वीस-वीस हजार पळते आणि ज्यांना चेन पुसायला बसायला वेळच नाही, त्यांच्या गाडीला साधी चेन, आणि वरनं कव्हर पण काढून घेतलं. गाडी स्पोर्टी दिसायला पायजे म्हणून काढलं असेल तर ते कोणासाठी? सीलबंद चेन महाग पडते आणि रिंगांच्या घर्षणानं थोडं मायलेज जातं, हे मान्य. पण मग पूर्ण कव्हर तरी द्या, त्यानं मायलेज जात नाही आणि साधी चेन पण आत सुखात राहते. स्प्लेंडरला पूर्ण कव्हर असतं, आमच्या भागातले शेतकरी ती का सोडत नाहीत त्याचं एक कारण हे पण आहे, विचारून बघा कोणालाही.

कव्हरचा प्रश्न नुसता खर्चाचा पण नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२३ सांगतो की मागं बसणाऱ्याची सोय असलेल्या मोटारसायकलला धरायला हँडग्रिप, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही एवढा भाग झाकणारं गार्ड पायजे, कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. त्याला आपण साडीगार्ड म्हणतो. पण हा नियम चाकाचा झाला, त्यात चेन झाका असं कुठं म्हटलेलं नाही. साडीगार्ड डाव्या बाजूला असतं आणि चेन पण बऱ्याच गाड्यांना त्याच बाजूला, पण गार्ड चाकापुरतं, चेनचा खालचा भाग उघडाच. आमच्या गल्लीतली एक मुलगी भावाच्या मागं बसून कॉलेजला जाताना ओढणी उघड्या चेनमध्ये गेली आणि ती खाली ओढली गेली, हात मोडला, मानेवर वळ महिनाभर होता. नियमात चेनचा उल्लेख यायला पायजे, आणि तो यावा म्हणून पेपरनं हा विषय लावून धरावा ही माझी विनंती आहे.

दुसरी गोष्ट, विकताना खरं सांगायला पायजे. माझ्या भाच्यानं उघड्या सीलबंद चेनची गाडी घेतली, शोरूममध्ये त्याला सांगितलं मेंटेनन्स फ्री चेन आहे, काही करायचं नाही. हे अर्धं खरं आहे. ग्रीस आत बंद आहे ते पिन आणि बुशच्या मधे, पण बाहेरचा रोलर स्प्रॉकेटवर आदळतच असतो, त्याला ऑईल लागतंच, आणि रबराच्या रिंगा कोरड्या पडून तडकू नयेत म्हणून पण लागतं. भाच्यानं सहा महिने काही केलं नाही, मग चेन गंजली म्हणून पेट्रोल आणि तारेच्या ब्रशनं घासली. पेट्रोलनं रिंगा खराब होतात आणि तारेच्या ब्रशनं फाटतात, एकदा रिंग गेली की ग्रीस गेलं, मग ती चेन साध्या चेनसारखीच. आणि त्याहून वाईट म्हणजे त्यानं गाडी मेन स्टँडवर लावून, इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये टाकून फडक्यानं चेन पुसली. फडकं ओढलं गेलं, बोटाचं पेर गेलं. वय वर्षं बावीस. हे व्हिडिओत बघून करणारी पोरं गावोगाव आहेत, त्यांना कोणीतरी ओरडून सांगा की चेन साफ करताना इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, चाक हातानं फिरवायचं.

बाकी ज्यांच्याकडं माझ्यासारखी अर्ध्या कव्हरची गाडी आहे त्यांच्यासाठी, आमच्या मिस्त्रींकडनं शिकलेलं सांगतो. रॉकेल मिळालं तर रॉकेल आणि जुना दात घासायचा ब्रश, कोरडी पुसून मग ९० नंबरचं गिअर ऑईल, चेनच्या आतल्या बाजूनं, थेंब थेंब, आणि ते रात्री घरी आल्यावर चेन गरम असताना, म्हणजे सकाळपर्यंत आत मुरतं. पाचशे-सहाशे किलोमीटरला एकदा, पावसात भिजली तर त्याच दिवशी. इंजिनचं काढलेलं काळं ऑईल घालू नका, त्यात घाणच असते. पाण्याच्या प्रेशरचा पाइप चेनवर जवळनं मारू देऊ नका. चेन टाइट करताना चाक फिरवून जिथं सगळ्यात घट्ट लागते तिथं ढिलाई मोजायची, गाडीच्या पुस्तकात किती ते लिहिलेलं असतं, माझ्या गाडीला दोन-अडीच सेंटिमीटर. तारेसारखी टाइट केली तर खड्ड्यात मागचं चाक वर-खाली होताना सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. चेनची दोन टोकं जोडणारं लॉक बसवताना क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेनं जाते त्या दिशेला. आणि चेन बदलली की दोन्ही स्प्रॉकेट पण बदला, जुन्या दातावर नवी चेन चढवली तर चार महिन्यात ती पण जुनी होते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा आमच्या भागातल्या कितीतरी गाड्या कित्येक दिवस पाण्याखाली होत्या. पाणी उतरल्यावर इंजिनचं ऑईल बदललं, प्लग बदलले, गाड्या चालू झाल्या, पण चेनच्या कड्या गंजून अशा आखडल्या होत्या की चेन स्प्रॉकेटवरनं काढली तर वाकडी तशीच राहायची. मिस्त्रींच्या दारात तेव्हा जुन्या चेनचा ढीग लागला होता, आणि त्या गाड्या सगळ्या कामाच्या होत्या, शंभर आणि सव्वाशे सीसीच्या.

माझा चेन सेट या महिन्यात बदलायला आलाय. याच मापात ओ रिंगची चेन बाजारात मिळते असं मिस्त्री म्हणाले, किंमत दुपटीच्या वर आहे, आणि रिंगांमुळं चेन थोडी रुंद असते म्हणून कव्हरला कुठं घासते का ते बसवून बघायला लागणार. मी ती घेणार आहे, किती किलोमीटरला किती झिजली त्याचा हिशोब वहीत ठेवीन आणि वर्षानं परत कळवीन. तोपर्यंत तुमच्या गाड्यांच्या पानावर प्रत्येक नव्या गाडीच्या माहितीत दोनच शब्द वाढवा, चेन सीलबंद की साधी, आणि कव्हर पूर्ण की अर्धं.

आपला,
एक पिग्मी एजंट
ता. पलूस, जि. सांगली