शॉर्टसर्किट छापण्याआधी वायरची जाडी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आग लागली की बातमीतलं एक वाक्य ठरलेलं असतं : ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज.’ मी कराडला २२ वर्षं इलेक्ट्रिकलच्या दुकानात गल्ल्यावर बसते. लोक जळके तुकडे घेऊन येतात, ‘अशीच वायर द्या’ म्हणून. त्यातल्या पुष्कळ तुकड्यांत शॉर्ट झालेलं असतं ते शेवटी. त्याआधी ती बारीक वायर कितीतरी दिवस तापत असते.

गेल्या थंडीत एक गृहस्थ आले. २००० वॅटचा गिझर, प्लग लांब, म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड. वायर अर्ध्या एमएमची (म्हणजे चौरस मिलिमीटर, पण दुकानात ‘चौरस’ कोण म्हणतं!). जास्तीची वायर गुंडाळून खिळ्याला टांगलेली, आणि नेमकी तिथंच वेटोळी एकमेकांना चिकटून वितळलेली. म्हणाले, ‘तीच द्या, पण आखूड. म्हणजे तापणार नाही.’

हा गिझर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो. तेवढ्यानं अर्ध्याच्या तांब्याच्या वायरीत, जाणारी-येणारी दोन्ही धरून, दर मीटरला पाच-साडेपाच वॅट उष्णता होते. अडीचच्या वायरीत जेमतेम एक. वायर २ मीटर घ्या नाहीतर १०, प्रत्येक मीटर तापायचा तेवढाच तापतो. गुंडाळी केली की मात्र ती उष्णता आतल्या आत कोंडते. शिवाय करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट, हे त्याच बोर्डावर इस्त्रीही लावणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

आखूड वायरीचा त्यांचा हट्ट ऐकून मला आईची कॉइलची शेगडी आठवली. तिथं तर उलटंच व्हायचं. कॉइल तुटली की आई पीळ देऊन जोडायची. आखूड झालेली कॉइल आधीपेक्षा लालभडक व्हायची आणि आठवड्यात पुन्हा तुटायची. कॉइल आखूड झाली की तिचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, कमी होतो आणि ती करंट जास्त ओढते. एक्स्टेन्शनच्या वायरीत किती करंट जायचा ते गिझर ठरवतो. तिथं आखूडपणाचा काय उपयोग?

गृहस्थांना म्हटलं, गिझरला एक्स्टेन्शन नकोच, वायरमनकडून जवळ १६ अँपिअरचा पॉइंट काढून घ्या. ‘घर भाड्याचं आहे हो ताई,’ म्हणाले.

तुमच्या बातमीदारांना एक विनंती. पुढच्या वेळी वायर किती एमएमची होती आणि तिच्यावर काय काय चालू होतं, एवढं विचारून छापा.

आपली,
एक दुकानदार, कराड